चादरीचं दुसरं टोक

सुल्मानं चादरीची दोन टोकं हनुवटीखाली दाबली, उरलेली दोन हातांत धरली आणि जोरात झटका दिला. मधला भाग जमिनीला टेकला. धुतलेली चादर जमिनीला लागली की पुन्हा मळक्या कपड्यांच्या गाडीत, हा धुलाईघराचा नियम. तिनं चादर गाडीत टाकली आणि ढिगातली पुढची उचलली.

मागच्या मेजांवर बायका जोडीजोडीनं घड्या घालत होत्या. दोघींनी दोन टोकांना उभं राहायचं, ताणायचं, झटकायचं, दुमडायचं, मग चालत एकमेकींजवळ येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. हे सगळं गप्पा मारत, हाताकडे न बघता. इस्पितळाच्या चादरी लांबरुंद आणि जाडजूड, एकटीनं आवरायच्या नव्हेतच. सुल्माच्या मेजापलीकडे मात्र कुणी उभं राहत नसे. कामावर आली त्या दिवशी तिनं मागे वळून विचारलं होतं, "हे टोक धरता का जरा कुणी?" तेव्हा मागच्या मेजावरची शिर्ली मोठ्यानं म्हणाली होती, "खिडकी लावा गं, वारा फार बोलतोय." सगळ्या खिदळल्या होत्या. त्यानंतर सुल्मानं विचारणं सोडलं.

दक्षिण अमेरिकेतल्या विया अरासात जुलै महिना म्हणजे कडाक्याची थंडी. नदीवरून येणारा वारा खिडकीच्या फटीतून आत शिरायचा आणि आत यंत्रांची वाफ कोंडलेली असायची. त्या वाफेत माणसं अर्धीमुर्धीच दिसत. सुल्माचं मेज एकदम कोपऱ्यात, खिडकीला लागून. तिचा एप्रन रोज सकाळी ओला सापडायचा. तिच्या ढिगात नेमक्या मोठ्या पलंगांच्या चादरी यायच्या. तिच्याशी भांडायला कुणी आलं असतं तर तिनं चार शब्द ऐकवलेही असते, ती काही तोंडाची मुकी नव्हती. पण भांडायला तरी तोंडाकडे बघावं लागतं.

दहाच्या सुमाराला ओल्गानं थर्मास काढला आणि हात थांबले. येर्बाची, कडू पानांच्या काढ्याची, वेळ झाली. ओल्गा सगळ्यांत जुनी, म्हणून तुंबा भरायचा मान तिचा. भोपळ्याचा एकच तुंबा, त्यात एकच नळी. ओल्गा गरम पाणी ओतायची, एकीच्या हातात द्यायची. ती नळी गुडगुडेपर्यंत प्यायची आणि तुंबा ओल्गाला परत करायची. मग पुन्हा पाणी, मग पुढची. परत देताना जी आभार मानेल तिचं पोट भरलं असं धरायचं. जी मुकाट्यानं देईल तिला पुढच्या फेरीत पुन्हा मिळणार.

सुल्माच्या वेळी ओल्गाचा हात तिच्या अंगावरून पुढे जायचा, जणू तिथे मेजही नाही आणि बाईही नाही.

सगळ्यांच्या फेऱ्या झाल्या की ओल्गा शेवटचा तुंबा भरायची आणि सुल्माच्या मेजाशेजारी खिडकीच्या कठड्यावर आणून ठेवायची. तेवढ्यापुरत्या सगळ्या गप्प होत, शिर्लीसुद्धा. कुणी छातीवर क्रूस काढायची. वाफ विरली की ओल्गा तो मोरीत ओतायची आणि नळी धुऊन ठेवायची. हा तुंबा नेलिदाचा. सुल्माच्या हातापासून तो वीतभर अंतरावर असायचा आणि त्याचा कडवट वास तिच्या नाकात जायचा.

नेलिदाची जागा रिकामी झाली म्हणून सुल्माला नोकरी लागली होती. थंडी सुरू होण्याआधी नेलिदा इथेच, याच खोलीत गेली, एवढंच सुल्माला माहीत होतं. कपाटाच्या दारावर तिचा फोटो लावला होता, खाली कागदी फुलं. रुंद कपाळाची, पातळ ओठांची बाई. फोटो काढणाऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघणारी. "नेलिदासारखी घडी आता कुणाला जमायची नाही," असं कुणीतरी रोज म्हणायचं, सुल्माला ऐकू जाईल अशा बेतानं. "देवमाणूस होती," दुसरी म्हणायची.

सुल्माला वाटायचं, एवढा जीव होता यांचा तिच्यावर, आणि मी तिच्या जागेवर येऊन उभी राहिले, राग येणारच. मग मात्र तिला नेलिदाचीच भीती वाटू लागली. चादर झटकली की पांढऱ्या कापडाच्या पलीकडे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. चादर खाली यायची आणि पलीकडे फक्त भिंत असायची.

घरी अंथरुणाला खिळलेली आई रोज विचारायची, "कुणाशी मैत्री झाली की नाही?"

"झाली की."

"नाव काय तिचं?"

एकदा सुल्माच्या तोंडून निघून गेलं, "नेलिदा. माझ्या शेजारीच असते."

"बोलते का?"

"कमी बोलते."

"कमी बोलणारी बरी. एखाद्या रविवारी घेऊन ये तिला," आई म्हणाली. सुल्मानं बरं म्हटलं आणि दिवा मालवला. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

संत्र्यांचं गोदाम बंद पडल्यापासून सुल्मानं मिळेल ते काम केलं होतं. इस्पितळातली नोकरी म्हणजे म्हातारपणापर्यंतची काळजी मिटली. पण पहिले तीन महिने परीक्षेचे, आणि ते संपत आले होते. सोमवारी मुकादम तेचेरा तिच्या मेजाशी येऊन उभा राहिला. मिशीवरून हात फिरवत त्यानं तिचा ढीग बघितला, मग बाकीच्यांचे बघितले.

"बाई, इतरांच्या निम्मंही होत नाही तुझं."

"होईल."

"शुक्रवारी मला वर सांगावं लागतं, ठेवायची की नाही. खोटं कसं सांगू?"

सुल्मानं पुढची चादर उचलली. मागे शिर्ली गाणं गुणगुणत होती.

मंगळवारी तिला हूक सापडला. भिंतीवर एका फुटबॉल क्लबचं जुनं कॅलेंडर होतं, त्याच्या मागे, कमरेच्या उंचीवर. लोखंडी, गंजलेला, पण जिथे तो वळला होता तिथे गंज नव्हता, घासून घासून चकचकीत झालेला होता. एप्रन टांगायला असेल, असं तिला वाटलं. मग तिच्या डोक्यात आलं ते आधी कसं आलं नाही याचं तिला हसू आलं. तिनं चादरीच्या एका बाजूचे दोन कोपरे एकत्र करून हुकात अडकवले, दुसऱ्या बाजूचे हातात घेतले आणि मागे सरत गेली. चादर ताणली गेली. झटका दिला तर जमिनीला लागली नाही. ती दुमडत दुमडत भिंतीपर्यंत चालत गेली आणि कोपऱ्याला कोपरा लावला. घडी अशी बसली की तिनं तिच्यावरून तळवा फिरवून बघितला.

त्या सकाळी तिचा ढीग पहिल्यांदाच उंच झाला. दहा वाजले, थर्मास निघाला, तुंबा फिरू लागला; सुल्मा काम करतच राहिली. तिला कुणाची गरज नव्हती. एक चादर हुकाला लावून तिनं मोकळं टोक मेजावरच्या गठ्ठ्याखाली दाबलं आणि बुटाची सुटलेली नाडी बांधायला खाली बसली. चादर तिच्या आणि खोलीच्या मध्ये पडद्यासारखी लोंबत होती.

नाडीला गाठ मारता मारता तिच्या लक्षात आलं की बोलणं थांबलंय. नुसती यंत्रं घरघरत होती.

"ओल्गा," शिर्लीचा आवाज आला. तो तिचा नेहमीचा नव्हता, लहान मुलीचा वाटत होता. "ओल्गा, ती खाली बसलीय."

काहीतरी आपटून फुटलं. धावत येणारी पावलं ऐकू आली आणि चादर कुणीतरी ओरबाडून बाजूला केली. ओल्गा समोर उभी होती. तिचा चेहरा पार पांढरा पडला होता, उजव्या हाताचा अंगठा पोळून लाल झाला होता आणि त्यावरून पाणी ठिबकत होतं.

"ऊठ!" ती ओरडली. "ऊठ तिथून! ऊठ, सांगते ना!"

तिनं सुल्माचा दंड धरून तिला उभं केलं. सुल्माला उभी बघून तिनं एक खोल श्वास घेतला, मग आपण कुणाला हात लावलाय ते कळलं तसा हात सोडला.

"नाडी बांधत होते," सुल्मा म्हणाली.

"तिथे खाली बसायचं नाही," ओल्गा म्हणाली. इतक्या दिवसांत ती सुल्माशी बोललेली ही पहिलीच वाक्यं.

बुधवारी सकाळी कॅलेंडर मेजावर पडलेलं होतं आणि हुकाच्या जागी भिंतीला भोक होतं. खाली चुन्याचा ढीग. हूक उपटून नेला होता.

दुपारी ती मागच्या अंगणात गेली. तिथे निलगिरीखाली म्हातारा बासिलिओ सिगारेट ओढत बसायचा. वॉर्डावॉर्डातून मळक्या चादरींच्या गाड्या आणणं हे त्याचं काम. त्याच्याशी कुणीही बोललं तरी चालायचं, तो कुणाच्याच बाजूचा नव्हता.

"माझ्या भिंतीवरचा हूक कुणी काढला?" तिनं विचारलं.

"काढला कोणी ते मला काय ठाऊक? लावला कोणी ते सांगतो." त्यानं तिला शेजारी बसायची खूण केली. "नेलिदानं. घरून हातोडी घेऊन आली होती बाई."

"तिला कशाला हूक लागतोय? या सगळ्या तर तिच्यासाठी जीव टाकतात."

"आता टाकतात."

बासिलिओनं राख झटकली.

"मोठा संप झाला होता बघ, तू तेव्हा गोदामात असशील. सगळं धुलाईघर फाटकाबाहेर बसलेलं. नवजात पोरांच्या खोलीत दुपटी संपली. कुणीतरी रडत नेलिदाकडे गेलं. ती मागच्या दारानं आत आली, एक यंत्र चालवलं, दुपटी वाळवून दिली आणि घरी गेली. एक दुपार, बस. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. कुणी म्हणालं मालकांनी विकत घेतली, कुणी म्हणालं फितूर. तिला कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. ताठ होती."

"मग?"

"मग संप सुटला, सगळ्या परत कामावर आल्या आणि तिचं दुसरं टोक कुणी धरेना. वर्षं गेली. भांडण कशावरून होतं ते अर्ध्यांना आठवतही नसेल. शिर्ली तर नंतर आलेली. पण नवी आली की तिला तसंच शिकवलं जायचं, त्या कोपऱ्याकडे बघायचं नाही."

"संपाच्या आधी कोण धरायचं टोक?"

"ओल्गा. पोरी होत्या तेव्हापासूनची जोडी. त्यांची घडी बघायला नर्सा यायच्या, सांगतो तुला."

निलगिरीचं एक पान त्याच्या टोपीवर पडलं, ते त्यानं काढलं नाही.

"तुंबा तरी द्यायच्या का तिला?"

बासिलिओनं मान हलवली. "जिवंतपणी नाही."

मग तो आपणहून बोलला. "गेली त्या दिवशी तिची चादर हुकाला लावलेली होती. तिच्यामागे खाली बसली ती. किती वेळ बसली होती कुणाला माहीत. पाळी सुटल्यावर मी गाडी घेऊन आलो, म्हटलं ही चादर कशी राहिली, आणि बाजूला केली. हाक मारली असेल का तिनं, पाणी मागितलं असेल का, यंत्रांच्या आवाजात कोण ऐकणार? आणि ऐकलं असतं तरी..." त्यानं सिगारेट बुटाखाली विझवली. "जा आता. माझं नाव घेऊ नकोस."

सुल्मा आत गेली. फोटोतल्या बाईसमोर थांबून तिनं तिच्याकडे नीट बघितलं. भीती राहिली नव्हती. तिच्या जागी राग आला होता, आणि तो रागही धड कुणा एकीवर नव्हता. आईला सांगितलेलं आठवलं: कमी बोलते. मग ती आपल्या मेजाशी गेली आणि चादरीची दोन टोकं हनुवटीखाली दाबली.

गुरुवारी तेचेरानं तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मला डोळे आहेत," तो म्हणाला. "तुझ्याबरोबर कुणी काम करत नाही. एक नाव दे. कोण सुरुवात करतं ते सांग. मी तिला शिक्षा देतो, तुला जोडी लावून देतो, विषय संपला."

सुल्माला नाव माहीत होतं. ते जिभेवर आलंही. पण शिक्षेच्या धाकानं धरलेलं टोक किती दिवस धरलं जाईल, हेही तिला दिसत होतं. आणि त्यानंतरची नेलिदासारखी वर्षं, भिंत, हातोडी.

"चादरी ओल्या येतात तेचेरा, म्हणून जड जातात," ती म्हणाली.

"तुझी मर्जी." त्यानं खांदे उडवले. "उद्या संध्याकाळी मी वर जातोय."

शुक्रवारी ओल्गानं नवा थर्मास आणला. अंगठ्याला पट्टी होती, त्यामुळे पाणी ओतताना तिला तो वेगळा ठेवावा लागत होता. फेरी सुरू झाली. शिर्लीनं प्यायला, दुसरीनं प्यायला, तिसरीनं आभार मानून संपवला. सुल्मा ढिगाशी उभी राहून ऐकत होती. दरवेळी नळीचा गुडगुड आवाज यायचा आणि तुंबा ओल्गाकडे परत जायचा. शेवटी ओल्गा उठली, तुंबा भरून घेऊन आली आणि कठड्यावर ठेवून मागे सरली. सगळ्या गप्प झाल्या.

सुल्मानं हातातली चादर खाली ठेवली. हात पुढे केला आणि तुंबा उचलला.

कुणीतरी श्वास रोखला. सुल्मानं नळी ओठांना लावली. काढा कडू होता आणि चांगलाच गरम. तिची जीभ पोळली. ती घाई न करता प्यायली, नळी गुडगुडेपर्यंत.

"तो तिचा होता!" शिर्ली किंचाळली. "लाज नाही वाटत? मेलेल्या माणसाचा..."

"तिला हवा होता तेव्हा कुणी दिला नाही," सुल्मा म्हणाली. आवाज कापत होता, तो तिनं कापू दिला. "मलाही हवा आहे. माझा मला आत्ता द्या. मी गेल्यावर इथे आणून ठेवू नका."

शिर्लीनं तोंड उघडलं, पण ओल्गाकडे बघून मिटलं. ओल्गा कुणाकडेच बघत नव्हती. सुल्मा चालत तिच्यासमोर गेली आणि तुंबा पुढे धरला. ओल्गाला ते दोन शब्द ऐकायचे होते हे तिला दिसत होतं. आभार मानले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. एकदा प्यायली, संपलं. सुल्मा गप्प उभी राहिली. हात तसाच पुढे.

यंत्रातलं पाणी बदललं, मोरीत धो धो वाहून गेलं.

ओल्गानं तुंबा घेतला.

"पाणी निवलंय," ती म्हणाली. "कोमट मिळेल."

"चालेल."

ओल्गानं पाणी ओतलं. पट्टीचा अंगठा बाजूला काढून तिनं तुंबा दोन हातांनी दिला. सुल्मानं तो तिथेच उभ्या उभ्या प्यायला आणि परत केला. या वेळीही ती काही बोलली नाही. मग ती आपल्या मेजाशी परत गेली, कारण काम पडलं होतं आणि संध्याकाळ लांब नव्हती.

मागे बायका आपापल्या जागी गेल्या. कुणी हसलं नाही, कुणी गायलं नाही. सुल्मानं ढिगातली वरची चादर उचलली. मोठ्या पलंगाचीच होती. सवयीनं तिची नजर भिंतीवर हूक शोधायला गेली आणि भोकावर थांबली. तिनं दोन कोपरे हातांत धरले, डोळे मिटले आणि झटका दिला.

चादर जमिनीला लागली नाही.

पलीकडून कुणीतरी ती धरली होती. कापड मधोमध उंच फुगलं होतं, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. क्षणभर सुल्माच्या अंगावर काटा आला. मग चादर खाली बसली आणि पांढऱ्या कडेवर तिला पट्टी बांधलेला अंगठा दिसला.

दोघींनी ताणलं, झटकलं, दुमडलं. ओल्गाचे हात आपणहून फिरत होते, तिला बघावं लागत नव्हतं. ती भिंतीतल्या भोकाकडे बघत होती. मग दोघी चालत एकमेकींकडे निघाल्या. जवळ आल्यावर सुल्मा कोपऱ्याला कोपरा लावू लागली तशी ओल्गा थांबली. तिचे ओठ दोनदा हलले.

"नेलिदा डावा कोपरा वर घ्यायची," ती म्हणाली.

सुल्मानं डावा कोपरा वर घेतला.